गॉब्लिन चार, खेळाडू तीन

वाचकांचे प्रश्न : छापील मॉड्यूल अंगावर आलं तर काय करायचं?

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिकांच्या खेळाचं विकतचं मॉड्यूल (तयार साहसकथा) आणलं, पुस्तकात लिहिलं तसंच चालवलं आणि पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) गारद झाली. म्हणून सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत. 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' आणि 'कर्स ऑफ स्ट्राड' या दोन्हींतली गुपितं खाली फोडली आहेत. ही मॉड्यूलं खेळाडू म्हणून खेळायची असतील तर हे पान तुमच्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) हाती द्या आणि तुम्ही शब्दकोडं सोडवा.

प्रश्न : आम्ही तिघं खेळाडू आणि चौथा मी, डीएम. स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन' काढलं. रस्त्यावरच्या पहिल्याच गॉब्लिनांच्या हल्ल्यात तिघंही आडवे. नवी पात्रं करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पुस्तकातलं एक अक्षर बदललं नव्हतं. आमचं काय चुकतंय? (कोथरूड, पुणे)

अक्षर बदललं नाही, हेच चुकलं. ते मॉड्यूल चार ते पाच पात्रांसाठी लिहिलेलं आहे आणि तुम्ही तिघंच आहात. चौघांनाही ती चकमक सोपी नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमांचा हिशेब बघा. एका गॉब्लिनचे ५० एक्सपी (अनुभवाचे गुण, शत्रूच्या ताकदीचं माप), चारांचे २००. शत्रू तीन ते सहा असले की आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या एका पात्रामागे 'डेडली'ची, म्हणजे जीवघेण्या चकमकीची, रेषा १०० वर असते. चार जण असतील तर रेषा ४०० वर, म्हणजे चकमक बरोबर त्या रेषेवर उभी. पाच जणांना ती एक पायरी खालची, 'हार्ड' ठरते. तुमची रेषा ३०० वर आहे आणि अंगावर येतंय ४०० चं ओझं.

कोष्टकात न दिसणारी गोष्ट याहून वाईट आहे. गॉब्लिन झाडीत लपलेले असतात आणि त्यांचं स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +६ आहे. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी धरून ते साडेसोळाच्या आसपास जातं. पहिल्या लेव्हलच्या पात्राचं पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधताही चाहूल लागण्याचा आकडा) बहुधा १० ते १५, म्हणजे पार्टी बेसावध सापडणार हे जवळजवळ ठरलेलंच. २०१४ च्या नियमांत बेसावध पात्राला पहिल्या राउंडमध्ये काहीच करता येत नाही. त्यात गॉब्लिनांचा इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा, फासा चांगला पडला, तर तुमच्यापैकी कोणी हात उचलायच्या आत आठ वार (पहिल्या राउंडचे चार, दुसऱ्याचे चार) झालेले असतात. पार्टीचा सरासरी आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ धरा. गॉब्लिनच्या वाराच्या फाशाला +४ असतो, म्हणून निम्मे वार लागतात. चार वार, प्रत्येकी १ डी ६ + २ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २) म्हणजे सरासरी साडेपाच, एकूण २२. आता तुमची बाजू मोजा. फायटर १२, क्लेरिक १०, विझार्ड ८, तिघांचे मिळून हिट पॉइंट (जीव किती उरलाय त्याचा आकडा) ३०. तुमची पहिली पाळी येते तेव्हा खेळ संपत आलेला असतो.

तीन खेळाडूंसाठी रस्त्यावर दोनच गॉब्लिन ठेवा. दोघांचे १००, शत्रू दोन म्हणून दीडपट करून १५०, म्हणजे तिघांसाठी बरोबर 'मीडियम'. तिसऱ्याला झाडावर बसवा. तो लढत नाही, शीळ घालतो आणि पळत सुटतो. त्याचा माग काढत पार्टी आपोआप गॉब्लिनांच्या वाटेला लागते, जे मॉड्यूलला हवंच आहे. मूळ पुस्तकातही तीन पडले की चौथा त्याच वाटेने पळतो.

दुसरा बदल गाडीचा. मॉड्यूलमध्ये पार्टीसोबत असलेली गाडी खरोखरच बैलगाडी आहे, आणि बरेच डीएम ती निव्वळ सामान वाहायला वापरतात. नकाशावर ती ठळक काढा आणि हल्ल्याआधी विचारा: गाडी कोण हाकतंय, मागे कोण, पुढे कोण? उत्तरं मिळाली की गाडीच्या आडोशाला कोण आहे हे आपसूक ठरतं. अर्धा आडोसा आर्मर क्लासमध्ये २ ची भर घालतो. १५ चे १७ झाले की गॉब्लिनचे बाण ५० ऐवजी ४० टक्केच लागतात. फुकटचा बदल आहे, आणि खेळाडूंना आपण डोकं चालवल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

तिसरा बदल हिट पॉइंटचा. पुस्तकात गॉब्लिनला ७ हिट पॉइंट आहेत आणि त्यापुढे कंसात २ डी ६ लिहिलेलं असतं. म्हणजे २ ते १२ यांतला कुठलाही आकडा नियमात बसतो, ७ ही फक्त सरासरी. फायटरचा वार १ डी ८ + ३ असेल तर ७ वाला गॉब्लिन आठांपैकी पाच वेळा एका फटक्यात पडतो आणि ५ वाला आठांपैकी सात वेळा. नवख्या खेळाडूला वार लागल्यावर समोरचा पडलेला दिसणं फार महत्त्वाचं असतं.

आणि एवढं करूनही पार्टी हरली, तर पुस्तक स्वतःच सांगतं की गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून जातात आणि गाडीसकट ऐवज लुटून गुहेकडे निघतात. नवी पात्रं करायची गरजच नव्हती. तिघांना खिसे रिकामे, डोकं ठणकतंय अशा अवस्थेत रस्त्यावर जागं करायचं होतं. यापेक्षा चांगली सुरुवात ठरवूनही जमत नाही.

प्रश्न : चकमक झेपेल की नाही हे खेळायच्या आधी कसं ओळखायचं? ऑनलाइन कॅल्क्युलेटर एक सांगतात, टेबलावर दुसरंच होतं. (ठाणे)

कॅल्क्युलेटर कोणत्या वर्षीच्या नियमांवर चालतो ते आधी बघा. २०२४ च्या पुस्तकाने शत्रूंच्या संख्येवरचा गुणक काढून टाकला आणि पायऱ्याही बदलल्या. पहिल्या लेव्हलच्या पात्रामागे 'लो' ५०, 'मॉडरेट' ७५, 'हाय' १००. त्या कोष्टकात वरची चार गॉब्लिनांची चकमक चार पात्रांसाठी थेट 'लो' निघते! २०२४ मध्ये बेसावध पात्राची पाळी जात नाही, फक्त इनिशिएटिव्हला डिसअॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) मिळतो, म्हणून त्या नियमांत ती थोडी हलकी आहे हे खरं. पण जुनं मॉड्यूल जुन्या नियमांनी चालवताना नवा कॅल्क्युलेटर वापरलात तर फसणारच.

कोष्टकापेक्षा भरवशाचा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. चार आकडे लागतात: पार्टीचे एकूण हिट पॉइंट, पार्टी एका राउंडला सरासरी किती नुकसान करते, शत्रूंचे एकूण हिट पॉइंट, शत्रू एका राउंडला किती नुकसान करतात. पहिल्याला चौथ्याने भागा, तिसऱ्याला दुसऱ्याने. कोण आधी संपतं ते समोर येतं.

त्याच मॉड्यूलमधल्या गुहेतला बगबेअर, क्लार्ग, घेऊ. त्याच्यासोबत एक लांडगा आणि दोन गॉब्लिन. हिट पॉइंट २७, ११, ७ आणि ७, मिळून ५२. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांची पार्टी धरा. वार साधारण ५५ टक्के लागतात आणि लागलेला वार सरासरी ७ चा, म्हणजे चौघांचे मिळून राउंडला १५. ५२ भागिले १५, साडेतीन राउंड. आता उलट बाजू, सरासरी आर्मर क्लास १५ धरून. क्लार्गचा मॉर्निंगस्टार २ डी ८ + २, सरासरी ११, निम्मे वार लागतात म्हणून साडेपाच. दोन गॉब्लिनांचे मिळून साडेपाच. लांडग्याचा चावा सरासरी ७, पण सोबती जवळ असला की पॅक टॅक्टिक्समुळे अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतो आणि ५० टक्क्यांचे ७५ होतात, म्हणजे सव्वापाच. एकूण सोळाच्या वर. पार्टीचे हिट पॉइंट ४० धरले तर ती अडीच राउंडमध्ये संपते. साडेतीन विरुद्ध अडीच, म्हणजे पार्टी हरतेय.

आता फक्त लांडगा काढा. शत्रूंचे ४१ हिट पॉइंट, पावणेतीन राउंड. त्यांचं नुकसान राउंडला ११, म्हणजे पार्टी टिकते साडेतीन राउंडांहून थोडी जास्त. एका लांडग्याने पारडं फिरलं. क्लार्गला हातही लावावा लागला नाही, आणि खेळाडूंना भीती वाटायला हवी ती त्याचीच. बदल करताना मुख्य खलनायकाला शक्यतो तसाच ठेवून त्याच्या भोवतालची गर्दी कमी करावी ती यासाठी. गर्दी म्हणजे जास्तीचे वार, आणि खालच्या लेव्हलला पात्रं मरतात ती जास्तीच्या वारांनीच. लांडगा अगदी ठेवायचाच असेल तर दुसऱ्या राउंडच्या शेवटी बाहेरून येऊ द्या.

याच क्लार्गबद्दल एक सावधगिरी. बेसावध पात्रावर त्याचा पहिला वार आणखी २ डी ६ चा असतो, म्हणजे सरासरी १८. शून्यावर गेल्यानंतर उरलेलं नुकसान पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतकं झालं की डेथ सेव्ह (मरता मरता वाचण्याचे फासे) वगैरे काही नाही, पात्र जागीच मरतं. ८ हिट पॉइंटच्या विझार्डला त्यासाठी १६ पुरतात. फासे वाईट पडावे लागत नाहीत, सरासरी फाशांनीसुद्धा काम होतं. म्हणून क्लार्गला वार करण्याआधी बोलू द्या. दोन वाक्यं पुरे. तो बोलला की पार्टी बेसावध राहत नाही आणि ते दोन फासे गळून पडतात.

हा हिशेब एकट्या चकमकीचा झाला. २०१४ चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरतं. गुहेत शिरल्यापासून पार्टीला तासभर टेकायला जागा कुठे आहे, हे मॉड्यूल वाचताना नकाशावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. एकही सापडली नाही तर एक खोली रिकामी करा.

प्रश्न : 'कर्स ऑफ स्ट्राड' चालवतेय. चौघांची पार्टी, लेव्हल ४. ते ओल्ड बोनग्राइंडरच्या पवनचक्कीच्या दारात उभे आहेत, 'आत जायचंच' म्हणतात. तिथेच सेशन थांबवलं. शनिवारी पुढचं सेशन आहे. मी आतलं वाचलं आणि घाम फुटला. (नाशिक)

घाम योग्य जागी फुटला. आत तीन नाइट हॅग (चेटकिणी) आहेत. तिघी एकत्र असल्या की त्यांचं कोव्हन (चेटकिणींचा कंपू) होतं आणि प्रत्येकीचं चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) ५ वरून ७ होतं. एकीचे २,९०० एक्सपी, तिघींचे ८,७००, दुप्पट करून १७,४००. लेव्हल ४ च्या चार पात्रांची 'डेडली'ची रेषा २,००० वर आहे. साडेआठ पटींहून जास्त. पुस्तकाच्याच कोष्टकात ही जागा लेव्हल ४ साठी सुचवलेली आहे, म्हणजे चूक ना तुमची, ना पार्टीची.

आकडे सोडा, हात कुठे अडकतो ते बघा. प्रत्येकीचे हिट पॉइंट ११२, आर्मर क्लास १७. साध्या शस्त्रांचं नुकसान निम्मं होतं, ते शस्त्र जादूचं किंवा चांदी चढवलेलं नसेल तर. आग आणि थंडीचंही तसंच. लेव्हल ४ ला बहुतेकांच्या हातात लोखंडच असतं, म्हणजे फायटरच्या दृष्टीने एक हॅग २२४ हिट पॉइंटची. त्या मात्र कोव्हनच्या जोरावर लाइटनिंग बोल्ट (विजेचा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकतात, ८ डी ६, सरासरी २८, सेव्ह (बचावाचा फासा) १५ चा. लेव्हल ४ चा विझार्ड २६ च्या आसपास असतो. एका बोल्टमध्ये तो खाली, आणि असे स्पेल टाकायचे तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट (संधी) त्यांच्याकडे असतात.

कोव्हन मोडायची किल्ली पुस्तकातच दोन ठिकाणी पडलेली आहे. एक, सामायिक स्पेल टाकायला तिघीही एकमेकींपासून ३० फुटांच्या आत हव्यात. दोन, थोरली मॉर्गन्था ड्रीम पेस्ट्री विकायला बॅरोव्हिया गावात जाते. शनिवारी ती गावात आहे. झालं. घरात दोघीच, म्हणजे कोव्हन नाही, बोल्ट नाही, काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) नाही. तुम्ही काही नवं घुसडलेलं नाही, फक्त वेळ निवडली.

दोघीसुद्धा जड आहेत. कोव्हन नसलं की एकीचे १,८००, दोघींचे ३,६००, दीडपट करून ५,४००, म्हणजे रेषेच्या अडीच पटींहून वर. तेव्हा त्यांना मारणं हे शनिवारचं काम ठेवूच नका. वरच्या मजल्यावर कोंडलेली मुलं आहेत, ती बाहेर काढणं हे काम. ते खेळाडूंना कळायला हवं, म्हणून दार उघडायच्या आधी वरून मुलाच्या रडण्याचा आवाज ऐकू द्या आणि गावाकडच्या रस्त्याकडे बोट दाखवत खालची हॅग म्हणू दे, "आई दिवेलागणीला येईल." या एका वाक्यात तिसरी आहे, ती आत्ता नाही आणि हातात किती वेळ आहे, हे तिन्ही कळतं.

चांदीचंही बघा. नियमाप्रमाणे एका शस्त्राला किंवा दहा बाणांना चांदी चढवायला १०० सोन्याची नाणी लागतात, आणि बॅरोव्हिया गावातलं दुकान साध्या वस्तूंनाही दसपट दर लावतं, तिथे ती आशा नको. एक चांदी चढवलेला खंजीर कुठल्यातरी मृत प्रवाशाच्या पट्ट्यात ठेवा. एकच. सगळ्यांना दिलात तर पार्टी लढायलाच बसेल.

पळून जाण्याबद्दल डीएम हमखास फसतात. 'अडचण आली तर पळा' असं मनाशी ठरवलेलं असतं, पण शत्रूचा वेग बघितलेला नसतो. याच मॉड्यूलच्या सुरुवातीच्या डेथ हाउसमध्ये शॅम्बलिंग माउंड आहे, १३६ हिट पॉइंटचं धूड, कोवळ्या पार्टीच्या आवाक्याबाहेरचं. पण त्याचा वेग २० फूट. ३० फुटांनी पळणारा माणूस त्याला सहज मागे टाकतो, तिथे पळणं हा खरा पर्याय आहे. हॅगचा वेग ३० आहे आणि मॅजिक मिसाइल (जादूचे बाण) त्या हवं तेवढ्या वेळा टाकू शकतात, तेही १२० फुटांपर्यंत. तिथे पळणं म्हणजे पाठीवर बाण घेत मरणं. हॅगच्या बाबतीत सुटकेची वाट सौद्याची ठेवा. एक पात्र पडलं की हॅग थांबते आणि भाव विचारते: याला घेऊन जा, मुलं इथेच राहतील, आणि तुमच्यापैकी एकजण मला एक शब्द देईल. तिला प्रेतापेक्षा भ्रष्ट झालेला जीव जास्त हवा असतो, त्यामुळे हे तिच्या स्वभावात बसतं. तो शब्द काय, ते मात्र शनिवारच्या आत ठरवून ठेवा.

प्रश्न : पुन्हा 'लॉस्ट माइन'च. थंडरट्रीतल्या हिरव्या ड्रॅगनने लेव्हल ३ ची पार्टी एका श्वासात झोपवली. तो तिथे ठेवलाच का आहे? (पणजी)

तो मारण्यासाठी ठेवलेला नाही. व्हेनमफँग १३६ हिट पॉइंटचा आहे आणि अर्धे, म्हणजे ६८ गेले की पुस्तकाप्रमाणे तो उडून जातो. गावात राहणारा ड्रुइड रायडॉथ त्याच्याबद्दल इशाराही देतो. पार्टी ड्रुइडला न भेटता थेट ड्रॅगनच्या बुरुजावर गेली की सगळं फिसकटतं.

त्याचा विषारी श्वास १२ डी ६, सरासरी ४२, ३० फुटांचा शंकूसारखा झोत, सेव्ह १४ चा. लेव्हल ३ च्या विझार्डचे हिट पॉइंट २० धरा. सेव्ह जमला तरी २१, म्हणजे बेशुद्ध. हुकला तर ४२: वीस शून्यावर न्यायला, उरलेले बावीस त्याच्या कमाल वीसहून जास्त, म्हणजे जागीच मृत्यू. २८ वाला फायटर बेशुद्ध पडतो, मरत नाही. अशा प्रसंगात विझार्डच्या खेळाडूला राग येतो तो हरल्याचा नसतो, काही करायला वावच मिळाला नाही याचा असतो.

त्यामुळे नुकसान कमी करण्याआधी वाव द्या. श्वास परत भरण्याचा फासा, ५ किंवा ६, नियमाप्रमाणे ड्रॅगनच्या पाळीच्या सुरुवातीला टाकतात. तो पाळीच्या शेवटी टाका. भरला असेल तर सांगा, "त्याचा गळा फुगतोय, नाकपुड्यांतून हिरवट धूर येतोय." सगळ्यांना एक पूर्ण राउंड मिळतो पांगायला, भिंतीआड जायला, बुरुजातून उडी टाकायला. फाशाचा एक आकडाही बदललेला नाही. पहिला श्वास मात्र या युक्तीत बसत नाही, तो भरलेलाच असतो. तो दुसऱ्या कोणावर तरी खर्च करा. गावात ड्रॅगनशी बोलणी करायला आलेले पंथवाले आहेत, साधा कल्टिस्ट ९ हिट पॉइंटचा. त्यांच्यावर सोडा, पार्टी लांबून बघत असताना. झाँबींवर नको, त्यांना विष लागत नाही आणि चाणाक्ष खेळाडू लगेच पकडतो.

एवढ्यावर भागत नसेल तरच १२ चे ६ फासे करा. मग सरासरी २१ आणि सेव्ह जमला तर १०.

प्रश्न : पडद्यामागे फासे खोटे सांगणं चालतं का? (एका डीएमने नाव न देता विचारलंय, आणि का ते समजतंय)

नाही. आकडा खेळाडूंना कळायच्या आधी बदलला तर ती तयारी. फासा पडल्यावर बदलला तर लबाडी, आणि चौथ्या-पाचव्या सेशनला टेबलाला तिचा वास येतो. खेळाडू मग जोखीम घेणं सोडतात, कारण तुम्ही वाचवणार हे त्यांना माहीत झालेलं असतं.

फासा तसाच ठेवून परिणाम बदलायला भरपूर जागा आहे. जवळून केलेल्या वाराने शून्यावर आणलेल्याला मारायचं की बेशुद्ध करायचं, हे मारणाऱ्याने ठरवायचं असतं आणि तो नियम शत्रूंनाही लागू आहे. बाणाला आणि लांबून टाकलेल्या स्पेलला नाही. शत्रू पडलेल्याला सोडून उभ्या असलेल्याकडे वळू शकतो. तो ओलीस धरू शकतो, लूट घेऊन पसार होऊ शकतो. लांडगा भरल्या पोटी थांबू शकतो. हे सगळं उघड्यावर करा, फासे टेबलावर सर्वांसमोर टाकून.

प्रश्न : आम्ही पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळतो. 'फॉल ऑफ प्लेगस्टोन' सुरू केलंय, पहिल्या लेव्हललाच दर दोन चकमकींमागे कोणीतरी मरतंय. तिथे तुमचे हे हिशेब चालत नाहीत. (डोंबिवली)

चालत नाहीत, बरोबर. तिथले हिशेब खरं तर जास्त भरवशाचे आहेत, अडचण वेगळीच आहे. २०१९ चं ते मॉड्यूल त्या आवृत्तीच्या अगदी सुरुवातीचं आहे आणि कठीण म्हणूनच ओळखलं जातं.

चार पात्रांसाठी ८० एक्सपी म्हणजे 'मॉडरेट', १२० 'सिव्हिअर', १६० 'एक्स्ट्रीम'. पार्टीच्याच लेव्हलचा एक शत्रू ४० चा, एक लेव्हल वरचा ६०, दोन वरचा ८०, तीन वरचा १२०, चार वरचा १६०. मॉड्यूल उघडून प्रत्येक चकमकीशेजारी ही बेरीज लिहा. एकटा शत्रू १२० चा असेल तर तिथे लाल खूण करा. याच बेरजेत ३०-३० चे चार शत्रूही १२० होतात, पण ते पार्टीला झेपतात. एकटा वरच्या लेव्हलचा शत्रू झेपत नाही, कारण त्या आवृत्तीत आकडा १० ने ओलांडला की क्रिटिकल (दुप्पट नुकसानीचा वार) लागतो. शत्रूच्या वाराला जास्तीचे +३ मिळाले की त्याचे लागणारे वारही वाढतात आणि क्रिटिकलही. तुमचे मात्र तितकेच कमी होतात.

पुस्तकातला अधिकृत उपाय म्हणजे 'वीक'. आर्मर क्लास, वार, सेव्ह, डीसी (समोरच्याने गाठायचा आकडा), पर्सेप्शन आणि स्किल्स सगळ्यांतून २ वजा, प्रत्येक वाराच्या नुकसानातून २ वजा, ठरावीक वेळाच वापरता येणाऱ्या हल्ल्यांतून ४. हिट पॉइंट १-२ लेव्हलच्या शत्रूचे १० ने, ३ ते ५ चे १५ ने, ६ ते २० चे २० ने कमी. इथे एक खाच आहे. पहिल्या लेव्हलच्या शत्रूचे मुळात वीसच्या आसपास असतात, त्यातून दहा गेले म्हणजे तो अर्धा झाला. त्यामुळे बॉसला 'वीक' लावा, पण पहिल्या लेव्हलच्या किरकोळ शत्रूंना लावू नका. ते कागदी होतात आणि कंटाळा येतो.

तुमच्यासारखं चिकटलेलं प्रकरण असेल तर सरळ उपाय: सगळ्या पात्रांना एक लेव्हल बक्षीस द्या आणि मॉड्यूलला हात लावू नका. १२० चा एकटा बॉस आपोआप ८० चा होतो, १६० चा १२० चा. पुढच्या सगळ्या पानांतले आकडे बदलण्यापेक्षा चार कॅरेक्टर शीट बदलणं सोपं. मॉड्यूल पुढे जिथे लेव्हल वाढवायला सांगतं तिथे तुम्हीही वाढवा, म्हणजे अंतर कायम राहतं. खजिना मात्र मॉड्यूलच्या लेव्हलप्रमाणेच द्या.

प्रश्न : जुनं 'टूम ऑफ हॉरर्स' आमच्या दोन वर्षांच्या मोहिमेत घालावं म्हणतो. हलकं कसं करू? (इंदूर)

मोहिमेत घालू नका. गॅरी गायगॅक्सने ते १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी वापरलं होतं, छापलं गेलं १९७८ मध्ये. स्पर्धेत हातात आयती पात्रं असतात, ती मेली तर कोणाचं काही जात नाही, आणि कोणती पार्टी कुठवर पोचली हाच खेळ असतो. त्या भिंतीवरच्या हिरव्या सैतानी तोंडात जो शिरतो तो संपतो, तिथे सेव्ह नाही. दोन वर्षं जपलेल्या पात्रावर हा प्रयोग करायचा नसतो. हलकं केलंत तर त्यात उरत काही नाही, कारण कडकपणा हाच त्याचा मसाला आहे.

ते खेळायचंच असेल तर एक सुट्टीचा दिवस काढा, आयती पात्रं द्या, प्रत्येकाला दोन-दोन. पहिलं मेलं की त्याच खोलीच्या दारातून दुसरं आत येतं, कारणं विचारायची नाहीत. आणि सापळे चाचपायची दहा फुटी काठी सामानाच्या यादीत आहे का, ते सुरू करायच्या आधी एकदा बघा.